गोठलेल्या नळीचा भुर्दंड कोणी सोसायचा?

(ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ग्राहकांच्या हक्कांची चर्चा आपल्याकडे बहुधा भेसळ, वजनमापे, रेशनचे दुकान आणि भडकलेल्या किमती या चौकटीत होते. ज्या देशात मोठ्या समाजाची मिळकत पोटापाण्यावरच खर्च होते, तेथे हे स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या तत्त्वाची परीक्षा करावयाची तर कधी कधी अगदी क्षुल्लक वाटणारे उदाहरण अधिक उपयोगी पडते. आजच्या विवेचनासाठी असेच एक उदाहरण घेतले आहे. घराच्या बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरणारी बोटभर जाडीची प्लास्टिकची नळी, हा त्याचा विषय. ही नळी कडाक्याच्या थंडीत गोठते, घर गारठते आणि दुरुस्तीचे बिल घरमालकाच्या हाती पडते. ते बिल त्याने का भरावे, एवढाच प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर शोधू गेल्यास बाजार, कायदा आणि शासन या तिन्ही संस्थांची झडती घ्यावी लागते.

हे उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथील बहुसंख्य घरांत खोल्या उबदार ठेवण्याचे आणि आंघोळीचे पाणी तापवण्याचे काम गॅसवर चालणारा बॉयलर करतो. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समधील इमारतविषयक नियमांनी असे बंधन घातले की, नवा बॉयलर बसवावयाचा किंवा जुना बदलावयाचा तर तो, काही अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ जातीचाच असला पाहिजे. या बंधनामागचा हेतू उत्तम होता. जुन्या बॉयलरच्या धुराड्यातून गॅस जळताना निर्माण होणारी वाफ तशीच बाहेर जाई आणि तिच्यातील उष्णताही तिच्याबरोबर वाया जाई. नवा बॉयलर ही वाफ आतच थंड करून तिचे पाणी करतो आणि तिची उष्णता घरासाठी वापरतो. त्यामुळे त्याची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. इंधन वाचते, प्रदूषण घटते, बिल कमी होते. यात आक्षेप घेण्याजोगे काहीच नाही.

परंतु वाफेचे पाणी झाले की ते कोठेतरी सोडावे लागते. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि दिवसाकाठी कित्येक लिटर जमते. ते वाहून नेण्यासाठी बॉयलरपासून गटारापर्यंत नळी टाकतात. ही नळी घराच्या आतून, स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याला जोडणे हा उत्तम मार्ग होय. मात्र त्याला वेळ लागतो आणि मेहनतही पडते. भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली की काम झटपट उरकते. म्हणून असंख्य घरांत ती बाहेरून गेली. तिची जाडी बहुधा २१.५ मिलिमीटर असे. तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण घालण्याचे कष्टही पुष्कळदा कोणी घेतले नाहीत.

मग डिसेंबर २०१० उजाडला. मध्य इंग्लंडच्या मासिक तापमानाच्या नोंदी १६५९ सालापासून उपलब्ध आहेत. त्या नोंदींनुसार या महिन्याचे सरासरी तापमान शून्याखाली ०.७ अंश सेल्सिअस होते. १८९० नंतर इतका थंड डिसेंबर तेथे झालेला नव्हता. उत्तर आयर्लंडमधील कॅसलडर्ग येथे पारा शून्याखाली १८.७ अंशांपर्यंत उतरला. अशा थंडीत बारीक नळीतून थेंबथेंब उतरणारे पाणी थरावर थर चढत गोठते, नळी बंद होते, पाणी मागे चढून बॉयलरमध्ये साचते आणि बॉयलरमधील सुरक्षा यंत्रणा तो बंद पाडते. यातील विसंगती ध्यानात घ्या. थंडी जितकी अधिक, तितका बॉयलर अधिक वेळ चालणार. तो जितका अधिक चालणार, तितके बाहेर पडणारे पाणी अधिक, आणि तितकाच ते गोठण्याचा संभवही अधिक. म्हणजे ज्या दिवसासाठी हे यंत्र विकत घेतले, नेमक्या त्याच दिवशी ते दगा देणार, अशी ही रचना होती.

उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका सोपा होता. नळीवर कोमट-गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी ओतले की बर्फ वितळतो आणि बॉयलर पुन्हा चालू करता येतो. परंतु घरात एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या वृद्धेला हे कोणी सांगितलेले नव्हते. सांगितले असते तरी बर्फाळ अंगणात किटली घेऊन तिने बाहेर पडावे, ही अपेक्षा माणुसकीला धरून नव्हती. असंख्य घरांत माणसे मेकॅनिकची वाट पाहत थंडीत कुडकुडत बसली. मेकॅनिक आल्यावर त्याच्या भेटीचे शुल्क पुष्कळांना खिशातून द्यावे लागले. कारण अनेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, बाहेरील कारणाने, म्हणजे थंडीने गोठून झालेला बिघाड हमीत बसत नाही.

येथे खरा प्रश्न सुरू होतो. बॉयलर बनवणारा म्हणतो, “यंत्रात दोष नाही. नळी आम्ही टाकलेली नाही.” बसवणारा म्हणतो, “त्या वेळच्या प्रथेप्रमाणे काम केले. एवढी थंडी पडेल हे कोणाला ठाऊक होते?” शासन म्हणते, “आम्ही केवळ कार्यक्षमतेचे मानक ठरवले. नळी कोठून न्यावी हा कारागिराचा प्रश्न.” तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने सुसंगत आहे. तिन्ही उत्तरांची बेरीज मात्र एकच होते, ती अशी की दोष कोणाचाच नाही आणि खर्च ग्राहकाचा. आधुनिक बाजारातील अन्यायाचे हे नमुनेदार रूप आहे. तेथे लुबाडणारा खलपुरुष शोधून सापडत नाही. जबाबदारीचे तुकडे होत होत ती इतक्या हातांत वाटली जाते की शेवटी ती कोणाच्याच हातात उरत नाही.

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाला ‘राजा’ म्हटले आहे. तो सर्व वस्तूंची माहिती मिळवतो, तुलना करतो, आपल्या हिताचे निवडतो आणि त्याच्या निवडीपुढे उत्पादक नमतो, असे ते चित्र आहे. या राजाची सत्ता नळीच्या प्रकरणात कितपत चालली? बॉयलरची जात त्याने निवडली नव्हती, ती नियमाने ठरवली होती. नळीची जाडी त्याला कोणी विचारली नाही. ती आतून न्यावी की बाहेरून, याचे परिणाम समजण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी नव्हते. हमीपत्रातील कलमे त्याच्याशी वाटाघाट करून लिहिलेली नव्हती, छापील कागदावर त्याने सही तेवढी केली. ज्या व्यवहारात एका बाजूस सर्व ज्ञान आणि दुसऱ्या बाजूस सर्व जोखीम असते, त्याला ‘मुक्त करार’ म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

मग जोखीम कोणावर असावी? याचे एक साधे आणि न्याय्य उत्तर असे की, जो ती सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो त्याने ती घ्यावी. नळी बसवण्याच्या दिवशी थोडी जाड नळी वापरणे, तिला पुरेसा उतार देणे, बाहेरचा भाग शक्य तितका आखूड ठेवणे आणि त्यावर वेष्टण चढवणे, यांसाठी लागणारा जादा खर्च एकंदर कामाच्या मानाने किरकोळ असतो. तीच चूक दहा वर्षांनी, बर्फ पडत असताना, घरोघर मेकॅनिक पाठवून सुधारावयाची तर खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि माणसांनी सोसलेली थंडी त्या हिशेबात धरलेलीच नसते. बसवणाऱ्याला व बनवणाऱ्याला जर आरंभीच ठाऊक असते की गोठलेल्या नळीचे बिल आपल्याच दारी येणार आहे, तर पहिल्याच दिवशी नळी घरातून गेली असती. बिल दुसऱ्याने भरावयाचे असल्यामुळेच ती बाहेर गेली. जबाबदारी कोणावर टाकली आहे, यावर कारागिराच्या हातून होणारे काम ठरते. नैतिक उपदेशाने ते ठरत नाही.

‘एवढी थंडी अनपेक्षित होती’ हा बचावही तपासून पाहिला पाहिजे. शतकातून एखादेच वर्ष असे येते, हे खरे. परंतु ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणे ही काही दैवी आपत्ती नव्हे. पाणी शून्य अंशाला गोठते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. हिवाळ्यासाठीच विकले जाणारे यंत्र हिवाळ्यात टिकले पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी कशी ठरेल? पावसात न टिकणारी छत्री विकून ‘पाऊस फार जोराचा होता’ असे सांगण्यासारखेच ते आहे.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटिश कायद्याने या बाबतीत दीर्घ वाटचाल केली आहे. १८९३ च्या मालविक्री कायद्याने, वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असावी ही अट करारात लिहिलेली नसली तरी ती गृहीत धरली. १९७९ मध्ये तो कायदा नव्याने करण्यात आला. १९७७ च्या कायद्याने अन्याय्य कलमांना आळा घातला. १९८२ च्या कायद्याने सेवा पुरवणाऱ्याने वाजवी काळजी व कौशल्य वापरलेच पाहिजे, असे म्हटले. या साऱ्याचा ग्राहकांपुरता एकत्र मेळ २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात घातला गेला आणि तो १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आला. त्यातील चार गोष्टी आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिली गोष्ट अशी की, वस्तू बसवून देणे हा कराराचा भाग असेल आणि ती चुकीची बसवली गेली, तर ती वस्तूच कराराप्रमाणे नाही असे कायदा मानतो. ‘यंत्र चांगले, बसवणे वाईट’ ही पळवाट त्यामुळे विक्रेत्यापुरती बंद होते. दुसरी अशी की, पहिल्या सहा महिन्यांत दोष आढळल्यास तो आरंभापासूनच होता असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर पडतो. तिसरी अशी की, दर्जा व उपयुक्तता यांविषयीचे हे हक्क छापील अटींनी काढून घेता येत नाहीत. हमीपत्र संपले किंवा त्यात थंडीचा अपवाद लिहिला, तरी विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी संपत नाही. हमीपत्र ही उत्पादकाने आपणहून दिलेली जादा सवलत आहे. कायद्याने दिलेल्या हक्काची जागा ते घेऊ शकत नाही. ग्राहकाने पाठ करावे असे एकच वाक्य निवडावयाचे झाले तर हे निवडावे. चौथी गोष्ट भाडेकरूंची. १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यानुसार अल्पमुदतीच्या भाडेपट्ट्यावरील घरातील पाणी, उष्णता आणि गरम पाणी पुरवणारी साधने दुरुस्त राखण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. बॉयलर भाडेकरूने निवडलेला नसतो, म्हणून त्याच्या दोषाचा भारही त्याच्यावर पडता कामा नये.

कायदा इतका स्पष्ट असताना लोकांनी पैसे का भरले? याचे कारण कायदा आणि हिवाळा यांची गती एक नसते. बिल लहान असते, घरात आज थंडी असते आणि निवाडा काही महिन्यांनी लागतो. समोर उभा असलेला मेकॅनिक ‘आधी शुल्क, मग काम’ म्हणतो, तेव्हा कलमे उद्धृत करण्याची कोणाची छाती होत नाही. शिवाय बसवणारा छोटा कारागीर तोवर धंदा बंद करून गेलेला असतो. एकट्या ग्राहकाचा हक्क कागदावर कितीही बळकट असला तरी तो वापरण्याची किंमत पुष्कळदा हक्काच्या रकमेहून अधिक असते. म्हणूनच असे प्रश्न एकेकट्याच्या दाव्यातून सुटत नाहीत. ते सार्वजनिक मानकांतून सुटतात. घडलेही तसेच. त्या हिवाळ्यानंतर या उद्योगाच्या मार्गदर्शक सूचना कडक झाल्या. नळी शक्यतो घरातूनच न्यावी, बाहेरून न्यावयाची झाल्यास तिचा आतील व्यास किमान ३० मिलिमीटर असावा, ती आखूड असावी, तिला नीट उतार द्यावा आणि वेष्टण घालावे, असे सांगण्यात आले. जे ज्ञान २००५ मध्येही उपलब्ध होते, ते लक्षावधी घरांत बॉयलर बसवून झाल्यावर नियमात उतरले. मधल्या काळाची किंमत कोणी मोजली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच डिसेंबरात उत्तर आयर्लंडमध्ये आणखी एक धडा मिळाला. तेथे बर्फ वितळू लागताच असंख्य घरांतील व घराबाहेरील नळ्या फुटल्या, पाणी वाहून गेले, जलाशय रिकामे होऊ लागले आणि हजारो घरांचा पाणीपुरवठा कित्येक दिवस खंडित झाला. पाणीपुरवठा करणाऱ्या सरकारी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यास जानेवारी २०११ मध्ये पायउतार व्हावे लागले. तेथील घरगुती ग्राहक पाण्याचे वेगळे बिल भरत नाही. मग बिल न भरणारा माणूस ‘ग्राहक’ ठरतो की नाही? बाजारी व्याख्येप्रमाणे तो ठरत नाही, पण कर भरणारा नागरिक या नात्याने त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ग्राहकाचा हक्क केवळ पावतीतून जन्मतो असे मानले, तर सार्वजनिक सेवेवर अवलंबून असलेला गरीब माणूस त्या हक्कातून आपोआप बाहेर पडतो. समाजवादी विचाराने येथे सावध राहिले पाहिजे.

याउलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील टेक्सासचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथे हिमवादळ आले. वीजनिर्मितीची साधने व वायूपुरवठा गोठला, लक्षावधी घरे अंधारात गेली आणि उष्णता बंद पडताच घराघरांतील नळ्या फुटल्या. राज्य शासनाच्या नोंदीप्रमाणे या आपत्तीत २४६ माणसे दगावली. फेब्रुवारी २०११ मध्येही तेथे अशीच थंडी पडली होती. त्या वेळी केंद्रीय चौकशीने वीजकेंद्रे थंडीस तोंड देतील अशी करावीत, अशा शिफारशी केल्या होत्या. त्या बंधनकारक मात्र झाल्या नाहीत, कारण बाजार आपली काळजी आपण घेईल, अशी तेथील श्रद्धा होती. बाजाराने काळजी घेतली ती अशी की, विजेचा घाऊक दर दर मेगावॉट-तासाला ९,००० डॉलर या कमाल मर्यादेस भिडला आणि घाऊक दराशी बांधलेली योजना घेतलेल्या काही कुटुंबांना हजारो डॉलरची बिले आली. पुढे त्याच वर्षी कायदा करून घरगुती ग्राहकांना अशा योजना विकण्यास बंदी घालावी लागली. शासकीय कंपनी ढिसाळ असू शकते, हे उत्तर आयर्लंडने दाखवले. नियमनाविना सोडलेला बाजार प्राणघातक ठरू शकतो, हे टेक्सासने दाखवले. मालकी कोणाची, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यासोबत विचारला नाही तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. शतकातून एकदा येणाऱ्या थंडीसाठी प्रत्येक यंत्र मजबूत करावयाचे ठरवले तर सर्वच यंत्रे महागतील आणि तो भार अखेर गरीब ग्राहकावरच पडेल, असे म्हटले जाते. आक्षेप टाकाऊ नाही. प्रत्येक जोखमीवर उपाय करता येत नाही, खर्च आणि लाभ तोलावेच लागतात. परंतु हे तोलण्याचे काम विक्रेत्याने एकतर्फी करून निर्णय बारीक अक्षरांत लपवावा, हे मान्य करता येणार नाही. ते उघडपणे, सार्वजनिक मानक ठरवताना व्हावे आणि तेथे ग्राहकांचे प्रतिनिधी बसलेले असावेत. दुसरे असे की, ग्राहकालाही कर्तव्ये आहेत. थंडीत घर बंद ठेवून जाताना नळांतील पाणी काढून टाकणे, उघड्या नळाला वेष्टण घालणे, सूचना वाचणे, हे त्याने केलेच पाहिजे. मात्र ज्या सूचना त्याला दिल्याच गेल्या नाहीत, त्या न पाळल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येणार नाही.

हे सारे परदेशचे झाले. भारतात या प्रश्नाचे काय? आपल्या देशातही गोठणारा हिवाळा आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ‘चिल्ले कलान’चे चाळीस दिवस सुरू होतात, तेव्हा श्रीनगरच्या घरांतील नळ गोठतात आणि सकाळी नळीखाली शेकोटी पेटवून लोक पाणी मोकळे करतात. लडाखमध्ये जमिनीत पुरेशी खोल न पुरलेली नळी हिवाळ्यात निरुपयोगी ठरते. हिमाचल व उत्तराखंडच्या उंच भागांत छपरावर सौर बंब बसवले जातात. त्यांतील तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पट्ट्यात रात्री पाणी गोठले, तर नळी फुटते. यावर उपाय ठाऊक आहे. पट्ट्यातून न गोठणारे द्रावण वेगळ्या बंदिस्त नळीतून फिरवावयाचे आणि त्याची उष्णता टाकीतील पाण्याला द्यावयाची. मैदानी प्रदेशासाठी बनवलेला साधा बंब डोंगरात विकणे आणि तो फुटल्यावर ‘गोठण्याने झालेले नुकसान हमीबाहेर’ असे सांगणे, हे ब्रिटनमधील नळीचेच भारतीय रूप आहे.

आपल्या कायद्याची स्थिती ध्यानात घेण्याजोगी आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यात वस्तूच्या उपयुक्ततेची अट गृहीत धरलेली आहे. परंतु त्याच कायद्याचे ६२ वे कलम उभयपक्षी कराराने ती अट वगळू देते. म्हणजे ब्रिटनने जी खिडकी बंद केली, ती आपल्याकडे या कायद्यापुरती उघडीच आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘दोष’ व ‘सेवेतील त्रुटी’ या संकल्पना आणून ग्राहकाला स्वतंत्र दरवाजा उघडून दिला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. ग्राहक आता आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार नेऊ शकतो. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. रचनेतील दोष आणि योग्य वापराच्या सूचना वा इशारा न देणे, यांसाठीही उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद या कायद्यात आहे. वस्तू स्वतः बिघडली तर ‘दोष’ म्हणून तक्रार करता येते. तिच्यामुळे घरातील इतर मालमत्तेचे वा माणसाचे नुकसान झाले तर उत्पादन-दायित्वाचे प्रकरण उपयोगी पडते.

तथापि या कायद्यातील दोन दुबळ्या जागा ओळखून ठेवल्या पाहिजेत. जो धोका उघड आहे वा सर्वांना ठाऊक आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक दोषी ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. उद्या एखादा वकील म्हणेल की पाणी गोठते हे कोणाला ठाऊक नाही? त्याला उत्तर असे की, पाणी गोठते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु या यंत्राची ही नळी गोठते आणि त्यामुळे सारे यंत्र निकामी होते, हे फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असते. दुसरी दुबळी जागा अधिक मोठी आहे. ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना २०१९ च्या कायद्यात आली, पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येत नाही, ती राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. लेहच्या वा किन्नौरच्या ग्राहकाने वीस-पंचवीस हजारांच्या बंबाच्या हमीपत्रातील एका कलमासाठी राज्य आयोगापर्यंत जावे, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. जेथे वस्तू विकली जाते, तेथेच अन्याय्य कलम रद्द करून घेण्याचा अधिकार हवा.

महाराष्ट्रातील श्रोत्याला वाटेल की आपल्या गच्चीवरचा सोलर काही गोठत नाही. ते खरे आहे. पण येथे गोठण्याची जागा क्षारांनी घेतली आहे. बोअरच्या पाण्यातील क्षार बंबाच्या नळ्यांत थर धरतात, पाणी तापेनासे होते, टाकी गळू लागते. हमीपत्र काढून पाहिले की त्यात पुष्कळदा लिहिलेले असते, ‘क्षारयुक्त पाण्यामुळे झालेला बिघाड हमीत नाही.’ ज्या गावात निम्म्याअधिक वस्तीला बोअरचेच पाणी आहे, तेथे हा बंब विकणाऱ्याला पाणी कसे आहे हे माहीत नव्हते काय? पाण्याची परीक्षा न करता यंत्र विकणे आणि नंतर पाण्याला दोष देणे, हे थंडीला दोष देण्यासारखेच आहे. डोंगरात थंडी, पठारावर क्षार, किनाऱ्यावर खारा वारा, असे प्रदेशागणिक निसर्गाचे नाव बदलते, मात्र बिलावरचे नाव सगळीकडे ग्राहकाचेच राहते.

यातून काही मागण्या निष्पन्न होतात. घरगुती पाण्याच्या साधनांची मानके प्रदेशाच्या हवामानानुसार व पाण्यानुसार ठरवावीत आणि कोणते साधन कोणत्या प्रदेशासाठी आहे, हे त्यावर ठळक व ग्राहकाच्या भाषेत छापावे. ज्या नेहमीच्या परिस्थितीत वस्तू वापरली जाणार हे विक्रेत्याला ठाऊक आहे, तीच परिस्थिती हमीतून वगळणारे कलम कायद्याने निरर्थक ठरवावे. वस्तू विकणारा आणि ती बसवणारा यांची जबाबदारी संयुक्त असावी, म्हणजे ग्राहकाला दोन दारांत फिरावे लागणार नाही. शासन जेव्हा एखादे तंत्र सक्तीने वा अनुदानाने घरोघर पोहोचवते, तेव्हा ते कसे बसवावे याचे नियमही त्याच दिवशी जाहीर व्हावेत. ब्रिटनमध्ये झाला तसा पाच वर्षांचा उशीर आपल्याला परवडणारा नाही.

कायदा बदलेपर्यंत ग्राहकाने काही साध्या गोष्टी कराव्यात. खरेदीपूर्वी आपल्या गावची थंडी वा पाणी यांविषयी विक्रेत्याला लेखी विचारावे आणि त्याचे उत्तर लेखीच घ्यावे. बसवणाऱ्याची पावती वेगळी येत असेल तर तीही जपून ठेवावी. बिघाड होताच छायाचित्र घ्यावे, तारीख नोंदवावी आणि दुरुस्तीपूर्वी लेखी तक्रार द्यावी. नाइलाजाने पैसे भरावे लागले तर ‘हक्क राखून भरत आहे’ असे पावतीवर लिहावे. १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंद करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच इमारतीत वा गल्लीत तोच बिघाड आणखी कोणाकडे झाला आहे काय, याची चौकशी करावी. एका घरातील बिघाड हा अपघात म्हणून खपवता येतो. वीस घरांत तोच बिघाड आढळला की तो रचनेचा दोष ठरतो.

ही शेवटची गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली आणि पुढल्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा अस्तित्वातही नव्हता. तो डिसेंबर १९८६ मध्ये आला. आधी माणसे एकत्र आली, मग कायदा झाला, हा क्रम विसरता कामा नये. कायद्याची वाट पाहत घरात बसलेल्या समाजाला कायदा मिळत नाही, आणि चुकून मिळालाच तर तो वापरता येत नाही.

मित्रहो, थंडी कोणाच्याही हातची नाही. तिच्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारणही नाही. परंतु नळी घराच्या आतून न्यावी की बाहेरून, ती किती जाड असावी, तिच्याविषयी ग्राहकाला काय सांगावे आणि ती गोठल्यावर बिल कोणाला पाठवावे, हे निर्णय निसर्गाने केलेले नाहीत, माणसांनी केलेले आहेत. माणसांनी केलेले निर्णय माणसांना जाब विचारून बदलता येतात. ग्राहक चळवळीचे काम तो जाब विचारण्याचे आहे, आणि त्यासाठी बोटभर नळीचा प्रश्नही तिने लहान मानू नये.